गाडीत दिलेला शब्द



नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी कामठी मागे टाकते आणि थोड्याच वेळात वरठीला येते. स्टेशनावरची पाटी भंडारा रोडची. भंडारा गाव तिथून काही मैल आत. पुढे देव्हाडीचे तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, मग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा. दरेकशाच्या डोंगरातून वाट काढीत गाडी एकदाची छत्तीसगडात उतरते आणि डोंगरगड, राजनांदगाव गाठते. आपल्यापैकी पुष्कळांनी हा प्रवास केला असेल. कोणी सोयरिकीला, कोणी डोंगरगडच्या बमलाईच्या दर्शनाला. खिडकीतून दिसते काय, तर धानाच्या बांध्या, मधूनच एखादा तलाव, पाळीवर उभे असलेले चार सिंदीचे झाड. इतिहास घडावा असे तिथे काही दिसत नाही.

पण १८९३ साली याच लोहमार्गावर, चालत्या गाडीत, एका माणसाने दुसऱ्या माणसाला एक शब्द दिला. त्या शब्दाची आज गोष्ट सांगायची आहे.

हा लोहमार्ग त्या वेळी नवाच म्हणायचा. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणून तो अरुंद रुळांवर सुरू झाला; १८८७ साली स्थापन झालेल्या बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनीने तो घेतला आणि रूळ रुंद केले. त्या गाडीत बसलेल्या माणसाचे वय एकतीस. नाव नारायण वामन टिळक. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला, नाशिकला शिकलेला, नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथसंपादन केलेला. संस्कृत उत्तम, स्वभाव तापट, खिसा बहुधा रिकामा. राजनांदगाव संस्थानात नोकरी धरायला तो निघाला होता. शिक्षकमंडळींना हे नाव निराळे सांगायला नको. फुलामुलांचे कवी म्हणून आपण वर्गात ज्यांची ओळख करून देतो, 'केवढे हे क्रौर्य' ही जखमी पक्षिणीची कविता ज्यांची, तेच हे टिळक. पण त्या दिवशी ते रेव्हरंड नव्हते. चित्पावन ब्राह्मण होते, आणि या देशाला एका नव्याच धर्माची गरज आहे, तो आपणच उभा करावा, अशा विचारांनी त्यांच्या डोक्यात घर केले होते.

डब्यात एक गोरे गृहस्थ होते. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरणे म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच शिरायचे. या गृहस्थांनी मात्र आदराने बसवून घेतले. बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावरून. काव्यावरून गाडी धर्मावर आली. ते होते अर्नेस्ट वॉर्ड, फ्री मेथडिस्ट मिशनचे पाद्री. उतरण्यापूर्वी त्यांनी टिळकांच्या हाती ख्रिस्ती शास्त्राचे पुस्तक ठेवले आणि सांगितले, की हे मन लावून वाचा. वाचाल तर दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना हे भाकीत धाडसाचे वाटले. हसू आले असले तरी नवल नाही. पण पुस्तक वाचीन, एवढा शब्द त्यांनी दिला.

बस, एवढेच. साक्षीदार नाही, कागद नाही, स्टँप नाही. एका अनोळखी माणसाला, तो पुन्हा भेटेल की नाही याचा भरवसा नसताना दिलेला शब्द. असे शब्द आपण दिवसातून किती देतो! "येतो परवा", "पाहतो तुमच्या कामाचं", "पाठवून देतो चिठ्ठी". रोवणीच्या दिवसांत तर विचारूच नका. एकाच घरची बाई तीन जणांना उद्याच्या रोवण्याला येते म्हणून सांगते, आणि तिघांचे पऱ्हे बांधीत पडून वाळतात. तिला बोल लावण्यात तरी काय अर्थ? आधीच्या दोघांनी मागच्या वर्षी तिची मजुरी "उद्या देतो" म्हणून पोळ्यापर्यंत लांबवलेली असते. शब्द दोन्ही बाजूंनी झिजतो.

टिळकांनी पुस्तक उघडले. वाचताना हाती पेन्सिल घ्यायची, जे लक्षात ठेवण्याजोगे वाटेल त्याखाली खूण करायची, अशी त्यांची सवय. पण पहिली पाने काही गोड लागली नाहीत. ज्यांनी मत्तयाचे शुभवर्तमान उघडून पाहिले असेल त्यांना कारण कळेल. पहिलाच अध्याय म्हणजे नावांची यादी. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला. अब्राहामापासून ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्यांचे तीन हप्ते. कालिदास-भवभूतींवर पोसलेल्या रसिकाने हे वाचायचे तरी कसे! दुसरा कोणी असता तर पुस्तक ट्रंकेच्या तळाशी गेले असते. टिळक पुढे वाचत राहिले ते पुस्तक आवडले म्हणून नव्हे, वाचीन म्हणून सांगितले होते म्हणून.

आता एक मौज पाहा. ज्या यादीचा त्यांना कंटाळा आला, ती यादी म्हणजे काय आहे? ती एका वचनाची वसुली आहे. अब्राहाम पंचाहत्तर वर्षांचा असताना देवाने त्याला सांगितले, की घरदार सोडून मी दाखवीन त्या देशात चल. तुझा वंश वाढवीन, आणि तुझ्यामुळे पृथ्वीवरची सारी कुळे धन्य होतील. अब्राहाम निघाला. मूल मात्र झाले तो शंभर वर्षांचा झाल्यावर. पंचवीस वर्षे तो थांबला. मधल्या काळात त्याचा धीर सुटला, आडवाटेने वंश मिळवण्याचा प्रयत्न झाला, बायको तर तंबूच्या आडून हसली. हे सगळे त्या पुस्तकात लपवाछपवी न करता लिहिले आहे, आणि मला तर तेच त्यातले विश्वासार्ह वाटते. नंतर पिढ्यामागून पिढ्या गेल्या. कोणी राजा झाला, कोणी गुलाम झाला, कोणी परमुलुखात मेला. मत्तयाने ती सारी नावे ओळीने लिहून काढली, जशी एखादा जुना पाटील वहीत आणेवारी लिहितो, आणि खाली हिशेब मिटवला. ख्रिस्ती माणूस देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो म्हणजे काय करतो, तर ही वही खरी धरतो.

या पुस्तकाला मराठीत नाव काय आहे? 'नवा करार'. करार हा शब्द आपल्याला परका नाही. मक्त्याने शेत दिले तर करार, पाण्याचा करार, लग्नाची बोलणी ठरली तर तोही एक करारच. पंडितांनी याहून भारदस्त संस्कृत शब्द शोधला असता तर तो देवळात शोभला असता. हा शब्द मात्र बाजारातून, कचेरीतून, शेताच्या धुऱ्यावरून आला आहे. देव आणि माणूस यांच्यातला व्यवहार सांगायला तोच वापरला, हे मला फार बरे वाटते.

टिळक वाचत वाचत पाचव्या अध्यायाशी आले, आणि तिथे पेन्सिल थांबेना. पाचवा, सहावा, सातवा, हे तीन अध्याय म्हणजे डोंगरावरचे प्रवचन. पुढे त्यांनीच सांगितले आहे, की या अध्यायांतल्या प्रेमाच्या आणि सत्याच्या शब्दांपासून आपल्याला दूर होता येईना. हिंदू तत्त्वज्ञानातल्या अत्यंत गहन प्रश्नांची उत्तरे आपल्याला तिथे सापडली. गंमत म्हणा की योगायोग म्हणा, त्याच तीन अध्यायांत आजच्या विषयाच्या दोन्ही बाजू आहेत. एके ठिकाणी ख्रिस्त सांगतो, की शपथाच वाहू नका. आकाशाची नको, पृथ्वीची नको, स्वतःच्या डोक्याचीही नको, कारण एक केस काळा की पांढरा करणे तुमच्या हाती नाही. तुमच्या 'होय'चा अर्थ होय असू द्या आणि 'नाही'चा अर्थ नाही. दुसऱ्या ठिकाणी तो पाखरांकडे आणि रानातल्या फुलांकडे बोट दाखवतो. ती पेरीत नाहीत, कोठारे भरीत नाहीत, तरी त्यांचे चालते. मग तुम्ही उद्याच्या काळजीने का खंगता? एक अध्याय आपल्या शब्दाविषयी, दुसरा देवाच्या शब्दाविषयी.

शपथेविषयीचे हे बोलणे आपल्याकडे जरा नवे वाटेल. मराठी मुलुखात शपथेची प्रतिष्ठा मोठी. बेलभंडार उचलून आण घेतली की मराठेशाहीतले मोठमोठे सरदार त्याने बांधले जात. (या बेलभंडाराचा आपल्या भंडारा गावाशी संबंध नाही. तो भंडार म्हणजे खंडोबाची हळद. वर्गात एकदा एका मुलाने संबंध जोडून दाखवला होता, म्हणून सांगितले.) पण विचार करा, शपथेची गरज केव्हा लागते? साधा शब्द पुरेनासा होतो तेव्हा. ज्या गावात माणसे बोलताबोलता "आईशप्पथ", "लेकराची शप्पथ" म्हणतात, तिथे समजावे की बिनशपथेच्या बोलण्याचा भाव उतरला आहे. ख्रिस्ताने शपथ काढून घेतली आणि सगळा भार साध्या 'होय'वर टाकला.

शब्द पाळला म्हणजे सारे झाले, असेही नाही बरं का. त्याच शुभवर्तमानांत हेरोद राजाची गोष्ट आहे. मेजवानीत मुलीचा नाच पाहून तो खूश झाला, मागशील ते देईन म्हणून चारचौघांत शपथ वाहून बसला. मुलीने आईच्या सांगण्यावरून बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागितले. राजाला वाईट वाटले. पण पाहुण्यांसमोर शब्द गेला होता, म्हणून त्याने तो पाळला. एका निरपराध माणसाचा प्राण गेला. हेरोद शब्दाला जागला असे कोणी म्हणणार नाही. तो आपल्या ऐटीला जागला. आपल्याकडेही लग्नात मांडवासमोर असे शब्द जातात आणि पुढे मुलीचा बाप कर्जात बुडतो.

याच्या उलट जुन्या करारात गिबोनी लोकांची कथा आहे. यहोशवाच्या फौजेला भिऊन त्यांनी सोंग घेतले. बुरसटलेल्या भाकऱ्या, फाटक्या वहाणा, ठिगळाचे बुधले घेऊन आले आणि म्हणाले, आम्ही फार दुरून आलो, आमच्याशी तह करा. इस्राएलाच्या वडीलधाऱ्यांनी शपथ घेतली. तीन दिवसांनी कळले, की ही तर शेजारचीच मंडळी! लोक खवळले. पण वडीलधारे म्हणाले, आता शब्द गेला तो गेला. गिबोन्यांना त्यांनी लाकडे तोडायच्या आणि पाणी भरायच्या कामाला लावले, पण जिवे मारले नाही. पुढे कित्येक पिढ्यांनी शौल राजाने तो शब्द मोडून त्यांची कत्तल केली, आणि दाविदाच्या कारकीर्दीत तीन वर्षे दुष्काळ पडला तो याच कारणाने, असे शास्त्र सांगते. त्याची भरपाई ज्या रीतीने झाली ती वाचताना अंगावर काटा येतो. ती मी इथे सांगत बसत नाही.

टिळकांकडे परत येऊ. राजनांदगावला असताना वाचन चालू राहिले, मुंबईच्या मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या पाद्र्याकडून नव्हे. मला हिंदी माणसाच्याच हातून दीक्षा हवी, असा त्यांचा आग्रह होता. वॉर्ड साहेबांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत भरली.

इथपर्यंतची गोष्ट ख्रिस्ती मंडळीत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. मी स्वतः लहानपणी ती देवळात ऐकली आहे. पण तिथेच ती संपवली तर अर्धे सत्य सांगितल्यासारखे होईल. कारण टिळकांनी आणखी एक शब्द त्याच्याही आधी दिला होता. १८८० साली, अग्नीसमोर, अकरा-बारा वर्षांच्या एका मुलीला. ती मनकर्णिका गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरची. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. 'नातिचरामि' हा शब्द नवऱ्यामुलाकडून वदवून घेतात तो कशासाठी? तुला ओलांडून जाणार नाही, यासाठी. टिळक ओलांडून गेले. हे पाऊल त्यांनी बायकोला समोर बसवून, तिच्याशी सल्लामसलत करून टाकले नाही. बातमी तिच्यापर्यंत मागून, दुसऱ्यांच्या तोंडून आली. त्या वेळी तिच्या जिवाची काय तगमग झाली ते तिने 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे, आणि त्यात नवऱ्याचा बचावही नाही, नवऱ्याची निंदाही नाही. अंगावर लहान मूल. जग म्हणते, नवरा बाटला, म्हणजे मेल्यातच जमा. कपाळाला कुंकू आहे पण घर नाही.

माझे स्वतःचे मत विचाराल तर, टिळक इथे चुकले. देवाच्या हाकेला ओ देताना माणसाला दिलेला शब्द गुपचूप बाजूला ठेवता येतो, असे डोंगरावरच्या प्रवचनात कुठेही नाही. तिला आधी कळले असते तर नातेवाइकांनी त्यांना अडकवून ठेवले असते, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. म्हणता येते, पण ती बाई एकटी पडली हे त्याने खोटे ठरत नाही.

मात्र त्यापुढची चार-साडेचार वर्षेही पाहिली पाहिजेत. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे नवऱ्याला किंवा बायकोला जोडीदाराने टाकले तर धर्मांतर केलेल्याला कोर्टाकडून आधीचे लग्न मोडून घेण्याची सोय होती. सहा महिने जोडीदार दूर राहिला की अर्ज करायचा, कोर्टाने आणखी एक वर्षाची मुदत द्यायची, मग मोकळे. टिळक तरुण होते, कर्तबगार होते, नव्या समाजात त्यांना मान होता. पण ते त्या वाटेला गेले नाहीत. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई पंढरपुरात बहिणीच्या आश्रयाला होत्या. विठोबाच्या गावात बसून त्या नवऱ्यासाठी झुरत होत्या, आणि नवरा नगरला ख्रिस्ती शाळेत शिकवीत होता.

लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या ख्रिस्ती होऊन आल्या नाहीत. सोवळे घेऊन आल्या. त्यांची चूल निराळी, पाणी निराळे. टिळकांनी त्याला हात लावला नाही. तापट माणूस, ज्याच्या रागाचे किस्से बायकोनेच हसत हसत लिहून ठेवले आहेत, तो इथे मुकाट राहिला. घरात एका बाजूला ख्रिस्ती उपासना, दुसऱ्या बाजूला सोवळ्याचा स्वयंपाक. पुढे लक्ष्मीबाईंना आपला आपणच जातिभेद पटेनासा झाला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला वाटते, १८९५ साली मोडलेला शब्द टिळकांनी या वाट पाहण्याने थोडाथोडा करून सांधला. पुरता सांधला की नाही हे लक्ष्मीबाईच सांगू शकल्या असत्या. त्यांचे पुस्तक वाचून तुम्हीच ठरवा.

धर्म आणि शब्द यांची अशीच ओढाताण त्याच १८९३ साली पुण्यात चालू होती. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढले, पुढे ते पुण्याला नेले. रमाबाई १८८३ सालीच ख्रिस्ती झाल्या होत्या. पण सदनात विधवांना धर्म शिकवला जाणार नाही, असा शब्द त्यांनी समाजाला दिला होता. त्या शब्दावर भिस्त ठेवून न्यायमूर्ती रानडे आणि डॉक्टर भांडारकर सल्लागार मंडळावर आले. मग बोभाटा झाला, की मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात. रमाबाई म्हणाल्या, मी कुणाला बोलावीत नाही. पण माझ्या खोलीत मी प्रार्थना करीत असताना दार लावून घेईन, असा शब्द मी दिलेला नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये सल्लागार मंडळींनी राजीनामे दिले. कोण खरे? दोघेही प्रामाणिक होते यात मला शंका नाही. पालकांनी ऐकला तो शब्द एक, रमाबाईंनी दिला तो शब्द दुसरा. शिक्षकहो, मुलांना करार-मदार, तह यांचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर सांगा. शब्द देणाऱ्याने आपल्या मनात त्याची कुंपणे घातलेली असतात, आणि ऐकणारा ती न पाहताच जातो.

रमाबाईंच्याच निमित्ताने आपल्या मुलुखाची एक गोष्ट. १८९६-९७ साली मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा पडला. दोन्ही वेळा भंडारा जिल्ह्याने त्याची झळ सोसली. तलाव आटले, धान करपले. आता नोहाच्या कथेत देवाने वचन दिले आहे, की पृथ्वी आहे तोवर पेरणी आणि कापणी थांबणार नाही. त्याची खूण म्हणून इंद्रधनुष्य ठेवले. ज्याच्या बांधीत दोन वर्षे काही पिकले नाही, त्याने या वचनाचे काय करावे? हा प्रश्न मला एका शेतकऱ्याने विचारला होता, अलीकडेच, धानावर तुडतुडा पडलेला असताना. मी त्याला चटकन उत्तर देऊ शकलो नाही. नंतर विचार करता एवढे सुचले, की वचन पृथ्वीला दिले आहे, ते थांबलेले नाही; पण माझ्या बांधीत दरवर्षी पिकेल असे त्यात लिहिलेले नाही. हे उत्तर कोरडे आहे, मला ठाऊक आहे. उपाशी माणसाला ते पुरत नाही.

रमाबाईंनी कोरडे उत्तर दिले नाही. स्वतः लहानपणी, दुष्काळात, आईबाप आणि बहीण डोळ्यांसमोर उपासमारीने गेलेली ही बाई. मध्य प्रांतातली बातमी ऐकून ती उठली आणि इकडे आली. एवढ्या मुलींचे पोट भरायला पैसा आहे का, हे तिने आधी मोजले नाही. मोजले असते तर ती आलीच नसती. सुमारे तीनशे मुली-बाया तिने सोबत नेल्या, आणि पुण्याजवळ केडगावला त्यांच्यासाठी मुक्तीची वसाहत उभी राहिली. पैसा कुठून आला? १८८७ साली अमेरिकेत तिच्या चाहत्यांनी एक संस्था काढली होती आणि दहा वर्षे वर्गणी देऊ असा शब्द दिला होता. पुष्कळशा वर्गणीदारांचा वाटा वर्षाला एक डॉलरचा. त्यांनी रमाबाईंचे गाव पाहिलेले नव्हते, मुली पाहिलेल्या नव्हत्या. तरी दहाही वर्षे पैसे येत राहिले. देवाने पाखरांना पोसावे म्हणतात ते असे कुणाच्या तरी हातांनी, कुणाच्या तरी वर्षाला एक डॉलरने.

टिळकांनी या पाखरांच्या उपदेशाची परीक्षा आयुष्याच्या शेवटी घेतली. १९०४ साली ते पाळक झाले होते. १९१२ पासून 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादक होते. पगार ठरलेला, घर चाललेले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि पगार सोडला. ख्रिस्ती झालो तरी मी हिंदी आहे, आणि हिंदी माणूस देवाचे काम पगार घेऊन करणाऱ्याचे ऐकत नाही, हे त्यांना फार दिवस टोचत होते. साताऱ्यास जाऊन त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जे कोणी ख्रिस्ताला मानतात त्या सर्वांनी त्यात यावे, अशी कल्पना. देव पोशील म्हणाला आहे ना, मग पोशील. ऐकायला हे सुंदर वाटते. घर चालवणाऱ्या बाईला कसे वाटले असेल ते मात्र बायांनाच विचारावे. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. दरबार काही फार वाढला नाही. विश्वासाने केलेले प्रत्येक काम फळाला येते, असा पुरावा या गोष्टीत शोधू नये. तो तिथे नाही.

एक काम मात्र अर्धवट राहिले होते. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला टिळकांनी घेतले होते. थोडेच अध्याय हातून झाले आणि ते गेले. उरलेले कोणी लिहायचे? मराठीत पंडित कवी पुष्कळ होते. ते लिहिले लक्ष्मीबाईंनी. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर नवऱ्याकडून कशीबशी अक्षरे शिकलेल्या, एके काळी त्याच नवऱ्याने ख्रिस्तासाठी मागे टाकलेल्या लक्ष्मीबाईंनी. साठाहून अधिक अध्याय त्यांनी रचले. एकीकडे 'स्मृतिचित्रे' चालू होते, त्याचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले. वय सत्तरीकडे झुकलेले. गाडीत दिलेल्या ज्या शब्दाने संसार मोडला, त्याच पुस्तकातली कथा त्या आता मराठी ओव्यांत घालीत होत्या.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून निघाले ते १९३८ साली.